फ्लॅंज कसा जोडावा: कावेरीकाठी नव्याने रुजू झालेल्यांसाठी

कारैकालला रुजू झाल्याबद्दल अभिनंदन. घरी तुम्ही समुद्र सांगून ठेवला होता, हे तोंडावरच दिसते आहे. जुहूहून हेलिकॉप्टर, मुंबई हायवर चौदा दिवस, मग चौदा दिवस घरी. त्या हिशोबावर मावशीने स्थळेही बघायला घेतली असतील. आणि हातात कागद पडला कावेरी खोऱ्याचा. रिग कुंभकोणमच्या पलीकडे, भाताच्या मधोमध, आणि हेलिकॉप्टरऐवजी बोलेरो.

हिरमुसू नका. आपल्या डोक्यावर समुद्र आहे की भात, याचे विहिरीला सोयरसुतक नसते. मुंबई हायवरच्या जॅक-अप रिगचे पाय समुद्राच्या तळाला टेकलेले असतात आणि ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे आपला बीओपी, पाण्याच्या वर, डेकखाली कोरडा उभा असतो. इथे तो सेलरमध्ये उभा असतो. सेलर म्हणजे विहिरीच्या तोंडाभोवती बांधलेला सिमेंटचा चौकोनी खड्डा. फ्लॅंज तेच, रिंगा त्याच, नटाला लागणारा पानाही त्याच नंबरचा. समुद्रातला बीओपी कोरडा आणि शेतातला ओला, एवढाच काय तो फरक. कारण इथे पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो आणि त्या काळात सेलरमध्ये पंप आणि बेडूक हे दोघे कायमचे धरायचे. तरंगत्या रिगची गोष्ट वेगळी. तिथे बीओपी समुद्राच्या तळाशी बसतो, नट-बोल्टऐवजी हायड्रॉलिक कनेक्टर विहिरीच्या मानेला पकडतो, आणि खाली बघायला माणूस नाही, रोबोट जातो. ते पुढच्या इयत्तेत. आधी पाना धरायला शिका.

आपण नक्की काय अडवतो आहोत

विहीर खोदताना तिच्यात मड भरलेले असते. गावाकडच्या लोकांना हे चिखल म्हणून सांगू नका, ते हसतात. चिखल त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतो. मडचे एक काम म्हणजे आपल्या वजनाने खालचा वायू आणि तेल दाबून ठेवणे. गणित तोंडी करता येते: खोली मीटरमध्ये, गुणिले मडची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, भागिले १०, की दाब आला किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. २,५०० मीटर खोल विहिरीत १.१४ चे मड असेल तर तळाशी २८५ किलो, म्हणजे साधारण ४,०५० पीएसआय. खडकातल्या वायूचा दाब २८० असेल तर तुम्ही चहा पिऊ शकता. २९५ असेल तर वायू विहिरीत शिरू लागतो. याला किक म्हणतात. ती वेळेत ओळखून विहीर बंद केली तर तो दिवस अहवालातल्या चार ओळींत संपतो. नाही केली तर ब्लोआउट.

मड हा पहिला पहारेकरी, बीओपी दुसरा. तिसरा नाही. हे वाक्य प्रशिक्षणात ऐकवतात तेव्हा सगळे गंभीर होतात आणि जेवणाच्या सुट्टीत विसरतात.

१९२२ पर्यंत भरवशाचा दुसराही नव्हता. तेलाचे कारंजे उडाले की टेक्सासमध्ये लोक टोप्या उडवत, फोटो काढत, आणि मग आग लागे. त्या साली जेम्स अ‍ॅबरक्रॉम्बी या ड्रिलिंगवाल्याने आणि हॅरी कॅमेरॉन या मशिनिस्टने मिळून दोन बाजूंनी येऊन पाइपला आवळणारे लोखंडी जबडे बनवले. आज आपण ज्याला रॅम म्हणतो तो हाच. शंभर वर्षांत त्याचा आकार वाढला, ताकद वाढली, मूळ कल्पना तीच राहिली.

ओळख परेड

सेलरच्या काठावर उभे राहून वरून खाली बघा. सर्वांत वर अ‍ॅन्युलर: आत रबराचे जाड कडे, मिळेल त्या आकाराभोवती आवळते. त्याखाली रॅम: एक जोडी पाइपला पकडणारी, एक जोडी विहीर रिकामी असताना तोंड बंद करणारी, आणि शिअर रॅम असेल तर पाइप कापून बंद करणारी. त्याखाली ड्रिलिंग स्पूल, ज्याला दोन कान असतात. एका कानातून किल लाइन आत जाते, जड मड पाठवायला. दुसऱ्यातून चोक लाइन बाहेर येते, आतला दाब हळूहळू सोडायला. आणि सगळ्यांत खाली वेलहेड, जो जमिनीत सिमेंट केलेल्या केसिंगच्या पाइपवर बसलेला असतो.

चोक लाइन सरळ असावी. वळण अगदी टळत नसेल तर तिथे आंधळा टी बसवतात, म्हणजे पुढचे टोक जाड लोखंडाने बुजवलेले. वायूबरोबर सुसाट येणारी वाळू त्या बुजवलेल्या टोकावर आपटून दमते, पाइपच्या कोपऱ्याला भोक पाडत नाही. साधा बेंड लावला तर काय होते, ते बघायचे असेल तर जुन्या स्टोअरमध्ये एखादा वाळूने खाल्लेला तुकडा मागून बघा. सुरीने कापल्यासारखा दिसतो.

या प्रत्येक दोन वस्तूंच्या मध्ये एक फ्लॅंजचा जोड आहे, आणि प्रत्येक जोडात एक रिंग. रॅमबद्दल सगळे बोलतात. रिंगबद्दल फक्त ती गळल्यावर बोलतात.

रिंग

फ्लॅंजच्या तोंडावर गोल खाच असते, ग्रूव्ह. समोरच्या फ्लॅंजवर तशीच दुसरी. दोन्हींच्या मध्ये मऊ लोखंडाची किंवा स्टीलची रिंग बसते, नट आवळले की रिंग दबते, थोडीशी चेपते आणि खाचेच्या भिंतीला घट्ट चिकटते. ती खाचेपेक्षा मऊ असते ते मुद्दाम. चेपायचे कोणी तरी एकाने, तर ते रिंगनेच. फ्लॅंज चेपला तर वेलहेड बदलावा लागतो. म्हणून रिंग एकदाच वापरायची. "साहेब, एकदम नवीन दिसते, डाग पण नाही," असे तुम्हाला कोणी तरी रात्रपाळीत सांगेल. त्याच्यावर विश्वास ठेवा, रिंगवर ठेवू नका. काढलेल्या रिंगचे तिथेच हॅकसॉने दोन तुकडे करावेत, म्हणजे पहाटे तीन वाजता कोणाला मोह होत नाही.

रिंगांच्या तीन जाती लक्षात ठेवा. आर, आरएक्स आणि बीएक्स. आर ही जुनी, साधी. तिच्या जोडात दोन फ्लॅंजच्या मध्ये फट राहते आणि ती राहिलीच पाहिजे. आरएक्स त्याच खाचेत बसते, पण विहिरीचा दाब वाढला की तो दाबच तिला आणखी घट्ट करतो. बीएक्स मोठ्या दाबाची. तिच्या जोडात फ्लॅंजची तोंडे एकमेकांना टेकतात. नवशिक्या पहिल्या आठवड्यात आर रिंगच्या जोडातली फट बघून घाबरतो आणि ती बुजेपर्यंत नट आवळत सुटतो. फट बुजत नाही. स्टड, म्हणजे नट बसतो तो दांडा, ताणला जातो. मग त्याला समजावून सांगायला ड्रिलरला चहा सोडून यावे लागते.

आता खाच साफ करणे. हे काम पुस्तकात एका ओळीत आहे आणि प्रत्यक्षात यातच सगळे आहे. आधी चिंधी, मग मऊ ब्रश, मग डिझेलचा बोळा, मग कोरडी चिंधी. पोलादी वायर-ब्रश लावू नये. तो खाचेच्या भिंतीवर आडवे ओरखडे काढतो आणि आडवा ओरखडा म्हणजे वायूला बाहेर पडायची आखलेली वाट. इथला जुना रिगमन हे सगळे झाल्यावर हातमोजा काढतो आणि अंगठ्याचे नख खाचेतून पूर्ण वर्तुळभर फिरवतो, सावकाश, डोळे दुसरीकडे ठेवून. नख कुठे अडले की तिथे थांबतो, टॉर्च मागतो, जिभेचा आवाज करतो. नखाला लागलेला काळा कण पँटला पुसतो आणि पुन्हा सुरुवातीपासून फिरवतो. त्याला काही विचारू नका. शेजारी उभे राहून बघा, आणि स्वतःची नखे फार कापू नका.

खाचेत ग्रीस थापू नये. पातळ तेलाचा हात पुरे. ग्रीस मात्र स्टडच्या आट्यांना हवेच, आणि तेही पुस्तकात सांगितले तेच. कारण टॉर्क रेंचवर जो आकडा येतो त्यातला बराच भाग घर्षण खाऊन टाकते. भरपूर ग्रीस लावलेल्या आट्यांवर आणि कोरड्या गंजलेल्या आट्यांवर एकच आकडा आणला तर स्टडचा ताण जवळजवळ दुप्पट-निम्मा निघू शकतो. आकडा बरोबर, जोड चूक, आणि अहवालात सही तुमची.

किती नट, किती जोर

१३-५/८ इंची, ५,००० पीएसआयचा फ्लॅंज घ्या. त्याला बीएक्स-१६० रिंग आणि १६ स्टड, प्रत्येक १-५/८ इंची. नटाला २-९/१६ चा पाना. आता त्या विहिरीचा दाब खरोखर ५,००० पीएसआयला गेला तर १३-५/८ इंचाच्या भोकावर वरच्या दिशेने किती जोर येतो? साधारण ३३० टन. रिंगच्या व्यासाने धरले तर त्याहून जास्त. हे सोळा जणांनी वाटून घ्यायचे, आणि वाटणी सारखी हवी. म्हणून नट ओळीने आवळायचे नाहीत. बारा वाजता, मग सहा, मग तीन, मग नऊ, मग मधले, असे समोरासमोर. पहिल्या फेरीत थोडे, दुसरीत जास्त, तिसरीत पूर्ण, आणि शेवटची फेरी ओळीने, फक्त कोणी मागे राहिले नाही ना हे बघायला. ओळीने आवळणारा माणूस एका बाजूने रिंग चेपतो, दुसऱ्या बाजूने उचलतो. मग तो जोड कुठेच न गळता उभा राहतो, आणि जेव्हा गळू नये तेव्हा गळतो.

प्रेशर टेस्ट झाल्यावर नट पुन्हा तपासा. रिंग बसते, स्टड सैलावतो. ही पायरी कोणी करत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

हॅमर युनियन

हा प्रकार सर्वांत सोपा दिसतो आणि माणसे मारतो. पंपापासून विहिरीपर्यंतच्या तात्पुरत्या लाइन पंख असलेल्या नटांनी जोडतात. पंखावर हातोड्याचे चार घाव घातले की काम झाले. पितळी हातोडा घ्या, ठिणगी पडत नाही. दाब असलेल्या लाइनवर घाव घालू नये. कधीच नाही. गळतीचा थेंब दिसला तरी नाही. आधी पंप बंद, दाब शून्य, मग हातोडा.

युनियनवर आकडा असतो, त्याला फिगर म्हणतात. ६०२, १००२, १५०२. शेवटचे दोन अंक सोडले की राहतो तो दाब, हजार पीएसआयमध्ये: ६,०००, १०,०००, १५,०००. आता ऐका. दोन इंची १५०२ चा नट दोन इंची ६०२ च्या आट्यांवर चढतो. काही फेरे जातोही. हाताला घट्ट लागतो, हातोड्याचा आवाज बरोबर येतो, कमी दाबाला पाण्याचा थेंबही बाहेर पडत नाही. फक्त आटे अर्धवट पकडलेले असतात. दाब वाढला की तो नट बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, आणि मागचा पाइप साप फिरावा तसा फिरतो. जगभरच्या तेलक्षेत्रांत या एका गफलतीने माणसे गेली आहेत. उपाय एकच. साइटवर दोन जातींचे दोन इंची युनियन एकत्र ठेवायचे नाहीत. "आम्ही रंग लावून ठेवतो" हे चालणार नाही. पहिल्या पावसात सगळे एकाच रंगाचे होतात, आणि तो रंग गंजाचा असतो.

कुमी

बीओपी बंद करणारे यंत्र, म्हणजे कुमी, दूर, सुरक्षित अंतरावर असते. त्यात बाटल्यांची रांग, आत १,००० पीएसआयला नायट्रोजन भरलेला, वर हायड्रॉलिक तेल ३,००० पीएसआयपर्यंत दाबलेले. वीज गेली, पंप बंद पडला, तरी बाटल्यांतला दाब रॅम बंद करू शकतो. रॅम ३० सेकंदांत बंद झालाच पाहिजे. वाचायला सोपे आहे. दांडा ओढणाऱ्या माणसाला ते ३० सेकंद फार लांब वाटतात.

टेस्ट

आधी कमी दाबाची, मग जास्त. २५० ते ३५० पीएसआयला ५ मिनिटे, मग पूर्ण दाब. उलटा क्रम का नाही? कारण जास्त दाब रबर आणि रिंग दोन्हींना ढकलून गळतीवर बसवतो, आणि मग कमी दाबाला गळणारा जोड तुम्हाला सापडत नाही. कमी दाबाची टेस्ट चालू असताना चुकून दाब ५०० च्या वर गेला तर "चालतंय" म्हणू नका. शून्यावर आणा आणि पुन्हा सुरू करा. टेस्ट पाण्याने करायची. आणि टेस्ट चालू असताना जोडाकडे वाकून बघायचे नाही. काही गळते का ते बघायला चेहरा हे साधन नाही.

दाबाचा आलेख गोल कागदावर निघतो. त्यावर तारीख, फ्लॅंजचा आकार, रिंगचा नंबर, ड्रिलरची सही. कागदाचा कंटाळा करू नका. आपण ज्या भागात आहोत तिथे मराठी माणसाने लिहिण्याचा कंटाळा केलेला नाही: दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतींवर मराठीत कोरवून घेतला. तुमचा चार्ट त्या मानाने लहान आहे.

शेजारी

आतापर्यंत शिकलात ते सगळे सेलरच्या आत. आता काठावर या आणि बाहेर बघा.

तिथे भात आहे. मेट्टूरचे धरण परंपरेने १२ जूनला सोडतात, मग कुरुवै, मग सांबा, असे भाताचे हंगाम. पाणी एका शेतातून दुसऱ्या शेतात उतरते. म्हणजे एका बांधात काही सांडले तर ते सांडणाऱ्याच्या शेतात थांबत नाही. या खोऱ्यात तेल-वायूचा शोध तुमच्या जन्माच्या खूप आधीपासून चालू आहे; नरिमनमला तेल मिळाले ते १९८५ साली. विहिरीतून निघालेले तेल ज्या नळ्यांतून जाते त्या नळ्या भाताखालून जातात, ओल्या काळ्या मातीत, वर्षानुवर्षे.

३० जून २०१७ रोजी तंजावर जिल्ह्यातल्या कदिरामंगलमला अशीच एक नळी गळली आणि कच्चे तेल शेतात पसरले. लोक जमले, पोलीस आले, लाठीमार झाला, अटका झाल्या. गावात आंदोलन बराच काळ चालले. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुदुकोट्टै जिल्ह्यातले नेडुवासल हायड्रोकार्बनच्या प्रकल्पाविरुद्ध उठले होते. त्याच्याही आधी मन्नारगुडीच्या मिथेन प्रकल्पाविरुद्ध सेंद्रिय शेतीचे नम्माळ्वार गावोगाव फिरत होते. ३० डिसेंबर २०१३ ला त्याच प्रचारात असताना पट्टुकोट्टैजवळच्या अतिवेट्टीत ते गेले.

तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणी तरी विचारेल, "तंबी, तुमच्या विहिरीमुळे आमचे पाणी खराब होते ना?" तुम्ही बीओपी दाखवाल, टेस्टचा चार्ट दाखवाल, १६ स्टड मोजून दाखवाल. तो ऐकून घेईल. मग त्याच्या शेताखालच्या नळीची टेस्ट कधी झाली, असे विचारील, आणि तुम्ही साहेबांकडे बघाल.

त्याचा प्रश्न बरोबर आहे, आणि धंद्यात राहून हे मान्य करायला हरकत नाही. आपली सगळी हुशारी, सगळे नखाने खाच तपासणे, सगळा समारंभ, हा विहिरीच्या तोंडाशी चालतो. दर दोन-तीन आठवड्यांनी बीओपीची टेस्ट होते, साहेब येतात, चार्ट फाइलला लागतो. पण गावाचा संबंध रॅमशी कधीच येत नाही. त्याचा संबंध येतो तो तोंडापासून दूर गेलेल्या लाइनशी, जिथे जोड मातीखाली आहेत, नख पोचत नाही आणि साहेबही पोचत नाहीत. वर कोनसीमेत, गोदावरीच्या खोऱ्यात, दोन्ही उदाहरणे शेजारी-शेजारी आहेत. ८ जानेवारी १९९५ ला पासरलापुडीची विहीर उडाली आणि ६५ दिवस जळत राहिली. ज्वाळा लांबून दिसत होत्या आणि विझवायला परदेशातून माणसे आली. तिची गोष्ट प्रत्येक वेल कंट्रोलच्या वर्गात सांगतात. त्याच भागात २७ जून २०१४ ला पहाटे नगरम गावात वायूची पाइपलाइन फुटून पेटली आणि वीसहून अधिक माणसे गेली. ती बीओपीच्या धड्यात येत नाही, कारण तिथे बीओपी नव्हता. एक नळी होती, आणि नळीच्या शेजारी घरे.

म्हणून या मार्गदर्शिकेत एक पायरी जास्तीची घालतो, जी अधिकृत पुस्तकात वेगळ्या खात्याच्या वेगळ्या प्रकरणात आहे. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात आपल्या विहिरीतून निघणाऱ्या लाइनवरून पायी चाला. शेवटपर्यंत. बांधावरून, चप्पल हातात घेऊन. कुठे नळी उघडी पडली आहे, कुठे गळतीचा डाग आहे, कुठे भाताचा पट्टा पिवळा आहे, हे लिहून घ्या. वाटेत शेतकरी भेटेल, तो तुमच्यापेक्षा अचूक सांगेल, कारण पिवळा पट्टा त्याने रोज बघितला आहे. तमिळ येत नसेल तर घाबरू नका. बोट दाखवले की सगळे कळते. तंजावर शहरात एखादे राव भेटले आणि त्यांनी ऐकून मराठीत उत्तर दिले, तर मात्र दचकू नका. १६७० च्या दशकापासून इथे असलेली घराणी आहेत, तुम्हीच नवीन आहात.

२०२० मध्ये तामिळनाडूने कायदा केला: तंजावर, तिरुवारूर, नागपट्टणम आणि आसपासचे काही ब्लॉक संरक्षित कृषी क्षेत्र झाले आणि तिथे तेल-वायूसाठी नवीन खोदकामाला बंदी आली. आधीपासून चालू असलेल्या विहिरींना तो लागू नाही. याचा तुमच्यासाठी व्यावहारिक अर्थ असा, की नव्या फ्लॅंजचा वास तुम्हाला फारसा मिळणार नाही. तुमच्या वाट्याला येतील त्या जुन्या विहिरी: दुरुस्ती, नळ्या बदलणे, आणि शेवटी विहीर कायमची बंद करणे.

जुना जोड सोडवणे

जोडणे शिकवणारी पुस्तके खूप आहेत, सोडवण्याबद्दल कोणी लिहीत नाही. ऐंशीच्या दशकातला फ्लॅंज, गंजलेले नट, आत किती दाब अडकला आहे कोणाला माहीत नाही. पहिले काम: दाब शून्य आहे हे गेजवर बघणे, मग दुसऱ्या गेजवर बघणे, कारण पहिला गेजही ऐंशीच्या दशकातला आहे. मग रस्ट-ऑइल, मग थांबणे. मग पुन्हा ऑइल, पुन्हा थांबणे. पान्याला लांब पाइप लावून लटकणारे दोन धट्टेकट्टे तरुण सगळीकडे असतात. त्यांना चहाला पाठवा. नट सोडवताना सगळे एकदम काढू नयेत. समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जावे, आणि फ्लॅंज जिथून आधी सुटणार त्या बाजूला कोणी उभे राहू नये. आत काही उरले असेल तर ते त्याच बाजूने भेटीला येते. शेवटपर्यंत हट्ट करणाऱ्या नटाला छिन्नीने चिरून काढावे लागते. वायूची शक्यता असेल तर गॅस-कटर हा शब्दही साइटवर उच्चारू नये.

विहीर कायमची बंद करताना आत सिमेंटचे प्लग घालतात, वेलहेड काढतात, केसिंग जमिनीखाली कापून त्यावर पत्रा वेल्ड करतात, सेलर फोडून भरतात, आणि जमीन परत शेतात मिसळते. सगळ्यांत घाईचा टप्पा हाच असतो. रिगला पुढच्या ठिकाणी जायचे असते, ट्रेलर उभे असतात, आणि सेलरच्या तळाशी गाळात काय पडले आहे ते बघायला कोणी थांबत नाही.

थांबा. उतरा आणि मोजा. फ्लॅंजवर १६ स्टड होते, ३२ नट होते. बादलीत १५ आणि ३० निघाले तर उरलेले तिथेच आहेत. पुढच्या हंगामात तुमच्या आधी ते रोटाव्हेटरला सापडतील, आणि रोटाव्हेटरचे पाते महाग असते.